चावी लागली का?

४ मार्च, मंगळवार

ही वही खरं तर दुकानातल्या चाव्यांच्या नोंदींची. मागची पन्नासेक पानं कोरी होती, ती आता माझ्या नाकाच्या नावे लागली. नाकाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, किती वास आला ते शून्य ते दहात रोज लिहायचं. "झोप, भूक आणि चिडचिडही लिहा," म्हणाल्या. चिडचिडीला वेगळी वही लागेल, असं बायको त्यांच्यासमोरच म्हणाली. तिला बरोबर न्यायलाच नको होतं.

नऊ वर्षं माझं नाक चोंदलेलं आहे. कपाळात शिसं ओतल्यासारखं जड, आणि वास म्हणाल तर ठणठणपाळ. आज बाईंनी नाकात दुर्बीण घालून पडद्यावर आतलं दाखवलं. सोललेल्या द्राक्षांसारखे फुगे दाटीवाटीनं बसलेत. मला वाटलं होतं जंतू असतील. बाई म्हणाल्या, जंतूंपेक्षा तुमचे स्वतःचे पहारेकरीच जास्त बिथरलेत. शत्रू दारात नसतानाही आरडाओरडा करून फौज गोळा करतात. त्या गर्दीनं अस्तर सुजतं, पाणी धरतं आणि वाट बंद होते. वास ओळखायची जागा अगदी वर, छतापाशी, एका फटीत असते. तिथवर हवाच पोचत नाही. स्टेरॉइड त्या पहारेकऱ्यांना गप्प बसवतं. ओरडा थांबला की फौज पांगते, सूज उतरते, फुगे आकसतात.

"म्हणजे कुलूप शाबूत आहे, भोकात मळ साठलाय," मी म्हटलं.

"तसंच समजा. पण हा मळ परत साठतो," बाई म्हणाल्या. गोळ्या पंधराच दिवस, हळूहळू कमी करत. मध्येच सोडायच्या नाहीत. खरं रोजचं काम म्हणजे उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यात औषध घालून बाटलीनं नाक धुणं. त्याचा गुण यायला आठवडे लागतात, पण टिकवायचं असेल तर तेच करायचं.

वास: ०.

५ मार्च, बुधवार

न्याहारीबरोबर सहा गोळ्या. तोंड कडूजहर. दुपारचा डबा अकरालाच फस्त केला. वास: ०.

७ मार्च, शुक्रवार

सव्वाअकराला एका बाईंची चावी कानशीनं घासत होतो आणि एकदम पितळ आलं. मी हातातलं टाकून उभाच राहिलो.

"चुकली का चावी?" बाईंनी विचारलं.

"पितळाला वास असतो," मी म्हटलं.

बाई दोन पावलं मागे सरल्या. पण मला काय त्याचं! घरी येताना जिना ओल्या चुन्याचा, शेजाऱ्यांचं दार रंगाचं, आमचं स्वयंपाकघर चहाचं. बायकोच्या मानेमागे नाक नेलं तर म्हणते, "वय काय, चाललंय काय!" पण हलली नाही. नऊ वर्षांनी भेटलो आम्ही. डोळ्यांत पाणी आलं, तेही लिहून ठेवतो. वास: ४.

८ मार्च, शनिवार

तीनच तास झोप, तरी अंगात दहा माणसांचा जोर. वास: ६.

आईबद्दल लिहायला हवं. आई चौऱ्याऐंशीची. डोळे जाऊन चार वर्षं झाली, आणि गेल्या वर्षापासून डोकंही येऊन-जाऊन असतं. रोज दुकान बंद करून आलो की दिवेलागणीला मी तिच्या पलंगाशी दहा मिनिटं बसतो. बोलणं फारसं नसतं. ती माझी बाही चाचपत बसते.

आज तिथे बसलो आणि मला पुरुषाचा वास आला. यंत्राचं तेल, धातू, आणि त्याखाली घामानं भिजून वाळलेल्या लोकरीच्या टोपीसारखं काहीतरी उबट. कोणीतरी नुकतं इथून उठून गेलं असावं इतका ताजा. माझ्या घरात मी सोडून पुरुष नाही.

आईनं तोंड माझ्या दिशेनं वळवलं आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाली, "आलात?"

असं ती वर्षभर म्हणते आहे. कोणाला म्हणतेस, असं मी कधी विचारलं नाही. म्हातारं माणूस, म्हणायचंच. आज मात्र मागे वळून पाहिलं.

१० मार्च, सोमवार

तो माणूस घरभर आहे. कोटाच्या खुंटीवर आहे. खिडकीजवळच्या माझ्या खुर्चीत आहे. कहर म्हणजे माझ्या उशीला त्याचाच वास! म्हणजे हा गृहस्थ माझ्या उशीवर डोकं टेकतो.

बायकोला विचारलं, "मी दुकानात असताना घरी कोण येतं?"

"दूधवाला येतो, तो दाराबाहेरून जातो. का?"

"वास येतो. पुरुषाचा."

"मग आंघोळ करून या, म्हणजे जाईल," ती म्हणाली आणि हसली.

थट्टा करायची वेळ होती का ही? तरी गेलो आंघोळीला. बाहेर आल्यावर तासभर खरंच वास नव्हता. पाण्याच्या आवाजानं सावध होऊन निसटला असणार. बायको त्या वेळी दाराजवळच उभी होती. मला असा विचार करायचा नाही, पण आला तो लिहिला.

गोळ्या आजपासून पाच. वास: ८.

१२ मार्च, बुधवार

दुकानातही आहे. रस्त्यावर दोनदा गर्रकन वळून पाहिलं. वारा मागून असला की तो जवळ येतो.

आज दुपारी दुकान बंद ठेवून घराच्या दाराला नवं कुलूप बसवलं. माझ्या हातचं, चावीवाचून न उघडणारं. माझं कुलूप चावीवाचून उघडेल असा माणूस या शहरात एकच होता, आणि त्याला जाऊन सहा वर्षं झाली. चाव्या दोनच केल्या, एक मला, एक बायकोला. "आणि दूधवाल्याला?" ती म्हणाली.

संध्याकाळी नव्या चावीनं दार उघडलं. पलंगाखाली, पडद्यामागे, कपाटात पाहिलं. कोणी नाही. आईजवळ जाऊन बसलो, तर आहेच.

आईचा चेहरा उजळला. "आलात?" आणि मग हळूच, "चावी लागली का?"

माझी पाचावर धारण बसली. हा प्रश्न या घरात कोण कोणाला विचारत होतं, ते मला माहीत आहे.

१३ मार्च, गुरुवार

झोप दोन तास. सकाळी उजेडात बसून लिहितोय.

काल आईला विचारलं, "कोण येतं गं तुझ्याकडे?"

"हे येतात की. रोज येतात. दिवे लागले की."

"बोलतात?"

"यांना बोलायची सवय कुठाय? बसतात आपले."

तेव्हा तो वास मला ओळखू आला. इतके दिवस नाकासमोर होता. तेल, पितळ, जुनी लोकर. बाबांचा आहे. लहानपणी त्यांच्या कोटाखाली शिरायचो, तिथला.

दुकान मूळ त्यांचं. शेवटी शेवटी त्यांचे हात कापायचे. चाव्या चुकायच्या, गिऱ्हाइकं तीन तीनदा परत यायची. मी सांगून पाहिलं, दोनदा ओरडलोही. मग एका रविवारी मी दुकानाच्या कुलपाचा सिलिंडर, म्हणजे चावी जाते तो आतला गाभा, गुपचूप बदलला. सोमवारी भल्या सकाळी ते नेहमीसारखे गेले. मी समोरच्या फुटपाथवरून बघत होतो. चावी आत जात होती, फिरत नव्हती. त्यांनी ती बाहेर काढली, फुंकली, पुन्हा घातली. चाळीस वर्षांचा कारागीर. त्याच्या मनात कुलपाबद्दल शंका आली नाही, त्याला आपली चावीच झिजली असं वाटलं. घरी येऊन कानस घेऊन बसले. तीन दिवस ती चावी घासत होते. रोज सकाळी जायचे, रोज परत यायचे, आणि संध्याकाळी आई विचारायची, "चावी लागली का?"

चौथ्या दिवशी गेले नाहीत. मला कधी काही विचारलंही नाही. त्याच वर्षी वारले.

मी कुलूप बदललं तर ते बाहेर राहिले. आता मी कितीही कुलपं बदलली तरी ते आत येतात. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मला समजतं. पण वास मनात नाही, नाकात आहे. वास: ९.

१५ मार्च, शनिवार

परीक्षा घेतली. मागच्या लहान खोलीत बाबांचं जुनं कपाट आहे. परवा ती खोली साबणानं पुसून घेतली, खिडकी लावली, दाराला कुलूप घातलं, फटीत दोरा चिकटवला. चावी गळ्यात ठेवली.

आज दुपारी पाहिलं, दोरा जसाच्या तसा. दार उघडलं. आत फक्त बंद लाकूड आणि साबण, दुसरं काही नाही. इतकं बरं वाटलं की दार लावून तिथल्या स्टुलावर बसलो.

पाच मिनिटं झाली असतील. आधी थोडासा, मग भरून. मला पाहून कोपऱ्यातून उठून जवळ यावेत तसा. खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी धडपडत बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.

ते माझ्याबरोबरच बाहेर आले होते.

१६ मार्च, रविवार

डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, "नसलेला वास येतो तेव्हा बहुधा जळका किंवा कुजका असतो. तुमचा कसला?"

"माणसाचा."

"कोणाच्या?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्यांनी झोप विचारली, मी सांगितली. म्हणाल्या, या गोळ्यांनी काहींची झोप उडते, मन उधळतं, नको त्या शंका येतात. डोस उतरतोच आहे, स्वतःच्या मनानं बंद करू नका, भीती वाढली तर तडक या. मग म्हणाल्या, "जरा घरच्यांना फोन द्या." घरी कोणी नाही, असं खोटंच सांगितलं. बायको समोर भाजी निवडत होती.

मी ठरवलं आहे. आईला ताईकडे पोचवायचं. ते आईसाठी येतात. आई इथे राहिली तर एक दिवस तिला घेऊनच जातील.

"आईंना इथली भिंत न भिंत हाताला माहीत आहे," बायको म्हणाली. "तिकडे त्या चाचपडतील. आणि संध्याकाळी तुमची वाट बघतात त्या."

"माझी नाही बघत," मी म्हटलं.

ती भाजी तशीच टाकून उठून गेली.

१८ मार्च, मंगळवार

आईला पोचवून आलो. टॅक्सीच्या काचा बंद होत्या, आणि बाबा आमच्याबरोबर बसले होते. मी मान वळवली नाही. आई मात्र खुशीत. सगळा रस्ता माझी बाही धरून होती. "कुठे नेताय मला?" असं लाडानं विचारत होती.

ताई दारात उभीच होती. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, तिला सबबी चालत नाहीत. "तोंड बघ आरशात," म्हणाली, "भूत पाहिल्यासारखं झालंय." मी चहाही घेतला नाही.

निघताना आई म्हणाली, "लवकर या हं."

मला वाटलं, आता ते तिच्यापाशी राहतील. तर परतीच्या टॅक्सीत पुन्हा माझ्या शेजारी. मफलर तिकडेच विसरलो, पण परत फिरायचा धीर झाला नाही.

२० मार्च, गुरुवार

काल शेवटची गोळी झाली. वास: ५. नाक धुण्याची बाटली फडताळात वर ठेवून दिली. बाईंनी सांगितलंय न चुकता करा, नाहीतर सूज परत येईल. येऊ दे की. ज्या वाटेनं ते येतात ती वाट बुजलेली बरी.

२४ मार्च, सोमवार

वास: १. चहाचा थोडासा, बाकी काही नाही. सहा तास झोपलो. खुर्ची, खुंटी, उशी, आईचा रिकामा पलंग, सगळीकडे नाक लावून पाहिलं. कुठे कोणी नाही. बाबा गेले. जिंकलो म्हणायचं.

घरात आवाज नाही. बायको कामापुरतं बोलते. संध्याकाळी दुकानातून आलो आणि सवयीनं आईच्या खोलीत जाऊन बसलो. कोणी "आलात?" म्हटलं नाही.

२६ मार्च, बुधवार

ताईचा फोन. आई जेवत नाही. दोन दिवस चमचाभर पेज आणि पाणी. दिवे लागले की खुर्ची दाराकडे वळवायला लावते आणि बसून राहते.

"आणि तुझा तो मफलर," ताई म्हणाली, "उशाशी घेऊन झोपते. काल मी धुवायला घेतला, तर लहान पोरासारखी रडली रे. म्हणते, यांचं एवढंच राहिलंय, तेही धुऊ नकोस. मी म्हटलं, अगं बाबांचा नाही तो. ऐकतच नाही."

तो मफलर बायकोनं मला दोन वर्षांपूर्वी घेतला. बाबांनी तो कधी पाहिलाही नाही.

वरचं वाक्य लिहून किती वेळ बसलो होतो कोण जाणे.

मग शर्टाची बाही नाकाशी धरली. काही नाही. खोलवर ओढून पाहिलं, तरी काही नाही. बायकोला हाक मारली. "मला कसला वास येतो? खरं सांग."

तिला आधी थट्टा वाटली. मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि शेजारी बसली. "तेलाचा. पितळेचा. आणि तुमचा म्हणून एक असतो ना, तो. मामंजींना यायचा तसाच. ते गेले त्या वर्षी तुम्ही मागून आलात की मी दचकायची. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"मला कसं माहीत असणार? मला वासच येत नव्हता."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती म्हणाली, पण आवाज हसरा नव्हता. माझा हात तिनं बराच वेळ सोडला नाही.

आई वर्षभर रोज संध्याकाळी त्यांना भेटत होती, आणि मी तिला त्यांच्यापासून लांब नेऊन सोडलं. बाबांना एकदा बाहेर ठेवलं होतंच. हे दुसऱ्यांदा.

२७ मार्च, गुरुवार

सकाळीच ताईकडे गेलो. आई दाराकडे तोंड करून बसली होती. आठ दिवसांत निम्मी झाली आहे. मी शब्दही बोललो नव्हतो. दोन हातांवर असतानाच तिनं चेहरा वर उचलला आणि खोल श्वास घेतला.

"आलात?"

मी खाली बसलो. तिनं बाही चाचपली, मग मान, मग कपाळ. मला तिचा वास येत नव्हता, माझाही नाही.

"चावी लागली का?"

"अजून नाही," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होतो?

"हात कापतात तुमचे. राहू दे, उद्या लागेल," आई म्हणाली. त्या तीन संध्याकाळी ती त्यांना हेच सांगत असणार. मी शेजारच्या खोलीत होतो, मला ऐकू आलं नव्हतं.

मग तिनं चष्म्याच्या जुन्या डबीतून ती चावी काढून माझ्या हातात ठेवली. चष्मा नाही डबीत, फक्त चावी. घासून घासून जवळजवळ सपाट झालेली. मी ताईसमोर रडलो. ताईनं कारण विचारलं नाही, अंडं उकडलं. आईनं अख्खं खाल्लं.

दुपारी तिला घरी आणलं.

२९ मार्च, शनिवार

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन खरं काय ते सगळं सांगितलं. रागावल्या. गोळ्या पुन्हा पुन्हा देता येत नाहीत म्हणाल्या. बाटली सकाळ-संध्याकाळ, आणि धीर. महिना लागेल, दोन लागतील, खात्री नाही. मी म्हटलं, मला बाकी काही नको, बाबांचा वास परत हवाय.

३ एप्रिल, गुरुवार

आज दुकान उघडलं नाही, शटर अर्धं ओढून आत बसून काम केलं. शटरच्या कुलपाचा सिलिंडर काढला, चावीच्या दात्यांवर बसणाऱ्या आतल्या जुन्या पिना ओतल्या आणि बाबांची चावी आत घालून एकेक पीन तिच्या मापाची बसवत गेलो. जिथं त्यांनी जास्त घासलं होतं तिथं लांब पीन, जिथं हात चुकला होता तिथं त्या चुकीच्या मापाची. जन्मभर कुलपाला चाव्या केल्या, चावीला कुलूप पहिल्यांदाच केलं. चार वाजता सिलिंडर शटरला चढवला. चावी घातली आणि फिरवली.

दिवे लागताना घरी आलो. आईजवळ बसलो.

"आलात?"

"आलो."

"चावी लागली का?"

"लागली," मी म्हटलं.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" आई म्हणाली, आणि बाहीवर हात ठेवून तशीच झोपली.

नाक दोन्ही वेळा धुतलं. वास: ०.